नाकापासून बोटापर्यंत

कापडवाल्या मावशी वार मोजायच्या तो नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत. प्रयोगशाळेत नोकरी करणारी त्यांची लेक सुट्टीच्या दिवशी दुकानात बसायची. दुकान आईचं, जीव मात्र लेकीचा वरखाली व्हायचा.

"आई, एक वार म्हणजे नऊ लाख चौदा हजार चारशे मायक्रॉन. घासाघीस करणाऱ्याला तू तोंड हाताकडे वळवून कमी मोजतेस आणि लाडक्या गिऱ्हाइकाला तोंड पलीकडे फिरवून जास्त. पन्नास हजार मायक्रॉन इकडचे तिकडे होतात."

"मायक्रॉन म्हणजे केवढा गं?"

"मिलिमीटरचा हजारावा भाग. नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही."

"मग एवढी ओरडतेस कशाला?"

लेकीनं स्टीलची पट्टी आणून गल्ल्यावर ठेवली. आजपासून सगळ्यांना सारखं मोजायचं म्हणाली. मावशींनीही ऐकलं. दुपारपर्यंत लाडकी गिऱ्हाइकं नाकं मुरडत गेली.

मग समोरचा तरुण घड्याळजी आला. "मावशी, शर्टाला अडीच वार द्या."

मावशींनी पट्टी उचलली, तर लेक पुढे झाली. "राहू दे, मी देते." तिनं ठाण उलगडलं, कापडाचं टोक नाकाला लावलं, हात ताणला आणि तोंड पार पलीकडच्या भिंतीकडे फिरवलं. तिचे कान लालबुंद झाले होते.

मावशी तिच्या कानाशी वाकल्या.

"मान अवघडेल गं. आणि हे मायक्रॉनमध्ये किती झालं?"