सिंधूवानी

“आमच्या मंडळीचा फोटो हाय. सिंधूवानी करून ठेवा, मी चहा घेऊन येतो,” म्हणत गिऱ्हाईक फोटो टेबलावर ठेवून गेलं.

गंजगोलाईच्या बाजारातल्या त्या फोटो-फ्रेमच्या दुकानात तनुजा याच आठवड्यात कामाला लागली होती. तिनं मालकांना विचारलं, “मल्लिकार्जुनअप्पा, सिंधूवानी म्हंजे?”

अप्पा खुशीत आले. “शिरूर अनंतपाळच्या हणमंतरावांची बायको सिंधू. हार घालायला मोठा फोटो पायजे म्हणून आले होते ते. फोटोत बाईच्या डोळ्यांत नुसतं भ्या. मी ब्रशनं ते पुसलं, गालाला खळी पाडली, मागं गुलाब काढले. बघून सगळा गाव रडला. तवापासून गेलेल्या माणसाच्या असल्या गोडगोड फोटोला सारा बाजार सिंधूवानी म्हणतो बग.”

तनुजानं फोटो कंप्युटरवर घेतला. बाई जेमतेम पंचविशीची होती आणि कॅमेऱ्याकडं सोडून बाजूला कुणाकडं तरी बघत होती. तनुजानं तिचे डोळे हसरे केले, खळी पाडली, गुलाब लावले. बाई इतकी गोड हसायला लागली, की तनुजालाच तिच्याकडं बघवेना.

गिऱ्हाईक परत आलं तेव्हा तिनं विचारलं, “कधी गेल्या त्या? खाली तारीख टाकायची हाय.”

“ती जागा मोकळी ठेवा. आठ दिवसांत येऊन सांगतो.”

काच पुसणारा अप्पांचा हात थांबला. सिंधूची तारीखही हणमंतरावांनी आठ दिवसांनीच येऊन सांगितली होती.