एझेलचा ठेका

"एक तार ढिली करून ठेव, वहिनी," आयोला म्हणाली. "बेसूर शिकव त्या मेल्या रेकॉर्डवाल्या साहेबाला. मेम्फिसला जाऊन तोंडावर आपटू दे."

ल्युविनियानं कढईतला मासा उलटला. "तार ढिली करून काय होणार? सूड असा अर्धाकच्चा घेऊ नये."

आयोलाला बरं वाटलं. गेल्याच महिन्यात तिचा भाऊ एझेल, ल्युविनियाचा नवरा, गेला होता. समोरच्या दुकानातल्या रेडिओवर एक गोरा पोरगा एझेलचा ठेका धरून गायला लागला, आणि एझेल ओसरीवरच कोसळला. शेवटचे शब्द एवढेच: "रेकॉर्डवर... माझं नाव पाहिजे."

कापसाच्या त्या मुलखात सगळे त्या ठेक्याला एझेलचा ठेकाच म्हणत. नाचघरात एझेल लोकांकडे पाठ करून गिटार वाजवायचा, कुणी बोटांची चाल चोरू नये म्हणून. तोंड मागे बसलेल्या बायकोकडे. ती मांडीवर थापा देत असायची आणि त्याची नजर तिच्यावरून हलायची नाही. काय जीव लावतो, बाया म्हणायच्या.

रेकॉर्ड कंपनीचा हॉलिससाहेब यंत्राची पेटी घेऊन घाम पुसत आला. पायरीवरच टोपी काढली.

"त्या पोराची रेकॉर्ड मीच काढली. ठेका कुणाचा ते विचारलं नाही, चुकलंच माझं. एझेलनं आणखी काही बसवलेलं आहे?"

"आहे की. मासा खाणार?"

"जपून हो, साहेब," आयोला म्हणाली. "काटे फार आहेत आमच्या घरात."

ल्युविनियानं गिटार घेतली आणि साहेबाकडे तोंड करून बसली. एकही तार ढिली नव्हती. ठेक्यामागून ठेका उलगडत गेला. त्यात चर्चमधल्या टाळ्या होत्या, कापूस वेचणाऱ्या बायांची साद होती, धुण्याच्या पत्र्याची खरखर होती. साहेबाचं रेकॉर्डिंगचं यंत्र सगळं टिपत होतं. साहेब कुठे अडला की ती पुन्हा सावकाश वाजवून दाखवी.

"वहिनी! सगळंच दिलंस?"

"सगळं."

साहेब उठला. "शब्द देतो. आता प्रत्येक रेकॉर्डवर ठळक छापीन: एझेल टेट."

आयोलाचे डोळे भरून आले. "ऐकलंस ना रे, दादा!"

ल्युविनियानं गिटार भिंतीला टेकवली.

"कुणाचंही छापा, साहेब. त्या पोराचं छापा, तुमच्या कुत्र्याचं छापा. एझेलचं नको. माझे ठेके वाजवताना जन्मात एकदा तरी माझं नाव घेतलं होतं का त्यानं?"