आत्याबाईंच्या लग्नातला फोटो

प्रकाशला पहिली मुलगी झाली आणि बारसं उरकतं न उरकतं तोच त्याची बदली भोपाळच्या नव्या कचेरीत झाली, ते छप्पन साल. त्याच मार्गशीर्षात एका दुपारी त्याची आई अनसूया फ्रीगंज पेठेत घड्याळाच्या टावरजवळच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि कात्रणांचं खोकं उपसत होती.

खोक्यात लोकांच्या फोटोंचे कापलेले काठ होते. कुणाचं कोपर, कुणाच्या खुर्चीचा पाय, पडद्यावर रंगवलेल्या डोंगराचं टोक. एकेक तुकडा ती डोळ्यांशी नेई आणि बाजूला टाकी.

"आई, ऊठ. लोक बघताहेत," प्रकाश दबक्या आवाजात म्हणाला.

"बघू देत."

"अगं, डाग होता तो. धुरासारखा डाग. तयार फ्रेम लहान पडत होती, म्हणून मीच म्हटलं, तेवढं काटून टाका."

"तो डाग नव्हता रे."

श्रीनाथ फ्रेमवाला हात बांधून उभा होता. "बाईसाहब, बाबूजीने बोला तभी काटा. और देखो तो, सब लोग पूरे आ गए."

फोटो त्याच्या फळीवर, नव्या काचेत चकाकत होता. अनसूयेच्या आत्याबाईंच्या लग्नातला. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, आणि मोठी नथ घातलेल्या एका बाईच्या मांडीवर वर्षाची अनसूया. ती नथवाली तुझी आई, असं तिला लहानपणी सांगितलेलं. आई गेली तेव्हा अनसूयेला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. आईचा चेहरा म्हणून तिच्याजवळ काही होतं तर ते एवढंच. दर अविधवा नवमीला त्या कपाळावर ती गंध लावत आली होती.

आज सकाळी प्रकाशने कौतुकाने नवी फ्रेम आणली आणि आधी आत्याबाईंच्या हातात दिली. त्यांचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेलेले. त्यांनी फ्रेम या कडेपासून त्या कडेपर्यंत चाचपली.

"ही एवढीशी कशी? दाराकडची बाजू कुठाय?"

प्रकाशने सांगितलं. आत्याबाईंनी फ्रेम खाली ठेवली. मग म्हणाल्या, "अनू, तुझी आई त्या दारात होती गं."

"दारात? मग ही मांडीवर घेतलेली?"

"ती शेजारची यमूताई. वहिनीला नेमका त्याच दिवशी कावळा शिवलेला. माणसांत येऊन बसणार कशी? म्हणाली, मी लांबून बघते. मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. फोटोवाला ओरडला, कुणी हलू नका. तेवढ्यात तू भोकाड पसरलंस. सगळे दगडासारखे बसून राहिले. ती एकटी हलली. म्हणून तिचा तसा धूर झाला."

"आणि मला खोटं सांगितलंत! इतकी वर्षं!"

"पाच वर्षांची होतीस. आई दाखव, आई दाखव म्हणून जीव खाल्लास माझा. तुला धूर दाखवू?"

अनसूया पायांत चपला न घालता निघाली होती. प्रकाश मागून टांगा घेऊन धावला तेव्हा ती देवास गेटाच्या पुढे गेली होती.

खोकं रिकामं झालं. ती श्रीनाथकडे बघत राहिली. त्याने मान खाजवली.

"कल की कतरन इसमें नहीं मिलेगी, बाईसाहब. घरवाली ले जाती है. सिगड़ी सुलगाने को."

दुकानाच्या मागेच त्याचं घर. अंगणात त्याची बायको सिगडीवर रोट्या शेकत होती. अनसूया तिच्यासमोर जाऊन बसली.

"बाई, कल का पुठ्ठा... लंबी पट्टी थी, उसमें एक दरवाजा था..."

"पुट्ठा तो सबसे पहले डालती हूँ, माँजी. झट पकड़ता है." मग तिचं लक्ष अनसूयेच्या चेहऱ्याकडे गेलं. तिने हातातली लाटी खाली ठेवली. "कौन था उसमें?"

"माझी आई." हिंदी तिच्या तोंडून येईना.

बाईला ते कळलं. "सूरत दिखती थी?"

"नाही."

त्या बाईने तवा खाली उतरवला आणि सिगडी उचलून अनसूयेच्या पुढ्यात ठेवली. निखारे चांगले लाल होते. अनसूयेने हात जोडायला उचलले. मग ते तसेच मांडीत पडले. प्रकाश दाराशी उभा होता. "आई, मला काय ठाऊक," एवढंच तो म्हणाला आणि तेच पुन्हा म्हणाला.

परतताना टांग्यात तिने फोटो मांडीवर घेतला. वऱ्हाडातली यच्चयावत माणसं समोर बघत होती. यमूताईच्या मांडीवरची पोर तेवढी तोंड वासून, मान पिळून, एका अंगाला बघत होती. त्या अंगाला आता फ्रेमचं लाकूड होतं.

भागीरथी, अनसूयेची आई, १९०५च्या माघात प्लेगने गेली. तिला डोळ्यांनी पाहिलेलं, हयात असलेलं शेवटचं माणूस म्हणजे आत्याबाई. त्या १९५७च्या पौषात, बिऱ्हाड भोपाळला हलायच्या आधीच गेल्या.