अण्णांचं मत

"आपल्याच पोराला सांभाळायचा पगार? उद्या जेवायचाही मागाल!" हैबतअण्णा भर ग्रामसभेत उभे राहून गरजले, तशी सतरंजीवरची पुरुषमंडळी खो खो हसली. मूल सांभाळणाऱ्या आईबापाला सरकारने पगार द्यावा, असा ठराव सरपंचबाईंनी मांडला होता.

सरपंचबाई रागावल्या नाहीत. "मतदानाआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची राहिलीय," त्या म्हणाल्या. "आम्ही तासभर पलीकडे शाळेत बसतो. पोरं इथंच राहू देत." अण्णांच्या सुनेने दहा महिन्यांची लेक त्यांच्या हातात दिली. "अण्णा, आलेच हं," म्हणाली आणि गेलीसुद्धा.

बायका परतल्या तेव्हा उपसरपंच घोडा होऊन रांगत होते. त्यांच्या पाठीवर तिघं बसली होती. ग्रामसेवक कुणाचं तरी नाक पुसत होता, आणि त्याच्या हजेरीवहीची पानं सभागृहभर उडत होती. अण्णा नातीला खांद्यावर घेऊन भिंतीकडेने येरझाऱ्या घालत होते. कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर दुधाचा ओघळ आला होता.

"ठरावाच्या बाजूने कोण कोण?" सरपंचबाईंनी विचारलं. भराभर हात वर झाले. अण्णांचे दोन्ही हात मात्र जागचे हलले नाहीत.

"अण्णा एकटे विरोधात," म्हणत ग्रामसेवकाने लिहायला घेतलं.

अण्णांनी डोळे वटारले आणि जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "अरे, बाजूनेच आहे मी! पण ही आत्ताशी कुठं झोपलीय. हात कसा वर करू?"