शून्य तक्रारी

"शून्य?" कानसेनने कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"शून्यच," साहेब म्हणाले. "तुमच्या भागातून वर्षभरात पाण्याची एकही तक्रार नाही. तक्रार नाही तर निवारण नाही, निवारण नाही तर गुण नाहीत आणि गुण नाहीत तर वेतनवाढ नाही. नवा नियम आहे. पुन्हा शून्य आलं तर तुम्हाला रस्त्यावरून काढून गोदामात बसवावं लागेल."

"अहो, पण तक्रार येणार कशी? पाइप फुटायच्या आधीच मी तो दुरुस्त करतो!"

"त्याला रकाना नाही."

साहेबांच्या आवाजात राग नव्हता. कानसेनला त्याचाच जास्त राग आला.

पाणीपुरवठा खात्यात सव्वीस वर्षं तो एकच काम करत आला होता. पहाटे रस्ता शांत असताना छातीइतका उंच लोखंडी गज जमिनीवर टेकवायचा आणि वरच्या टोकाला कान लावायचा. खाली पाणी नीट वाहत असलं की नुसतं कुजबुजतं. सांधा सुटायला लागला की घुं घुं करतं. मग त्याच दिवशी खणायचं, सांधा बदलायचा, खड्डा बुजवायचा. लोकांना पत्ताही लागत नसे. खात्यात त्याला कानसेन म्हणत ते यामुळेच.

पहिला नंबर मात्र ठिगळ्याचा. या पठ्ठ्याने एकाच सांध्याला रबराच्या पट्ट्या गुंडाळून तो वर्षात एकोणीस वेळा दुरुस्त केला होता. एकोणीस तक्रारी, एकोणीस निवारणं. त्याचा फोटो कचेरीच्या दारात लागला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

जिन्यात ठिगळ्याच भेटला. तसा तो दुष्ट नव्हता, फक्त हुशार होता.

"ऐकू आलं तरी कानाडोळा करायला शीक," तो म्हणाला. "फुटू दे. तक्रार येऊ दे. मग पळत जा. अर्ध्या तासात पोचलास तर गुण दुप्पट."

"तोंड सांभाळ. तिथं माणसं राहतात."

"मग बस गोदामात नटबोल्ट मोजत."

त्याच दिवशी, म्हणजे सोमवारी, पहाटे सरकारी इस्पितळाच्या कोपऱ्यावर कानसेनला घुं घुं ऐकू आलं होतं. दुपारी खणायचं ठरलं होतं. तो फावडं घेऊन तिथे गेला. गज टेकवला. आवाज सकाळपेक्षा जाड झाला होता. रकाना नाही म्हणे! सव्वीस वर्षं झक मारली का मग? संतापाने त्याची कानशिलं तापली. त्याने फावडं खांद्यावर टाकलं आणि सरळ घर गाठलं. "आज लवकर कसे?" एवढंच बायकोने विचारलं, तर तिच्यावरच डाफरला.

मंगळवार, बुधवार, गुरुवार तो त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही. नवा सांधा, पाने आणि पंप मात्र त्याने गाडीत भरून ठेवले.

शुक्रवारी सकाळी रस्ता फुटला. तक्रार आली आणि अकराव्या मिनिटाला कानसेन हजर झाला. तरीही जोडणी व्हायला संध्याकाळ झाली. दिवसभर भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात नळाला थेंब नव्हता. नर्स पिण्याच्या बाटल्यांमधलं पाणी पुरवून पुरवून वापरत होती आणि वरच्या खिडकीतून कुणाचं तरी ओरडणं खड्ड्यापर्यंत ऐकू येत होतं. कानसेनचे कान तर भलतेच तीक्ष्ण. नळ सुरू झाले तेव्हा ती नर्स मुद्दाम खाली आली.

"दादा, अगदी देवासारखे धावून आलात."

तो खाली मान घालून पाने गोळा करत राहिला.

पुढच्या महिन्यात दारातला फोटो बदलला. सभागृहात साहेबांनी कानसेनला पुढे बोलावून प्रमाणपत्र दिलं. 'तक्रार मिळताच अकराव्या मिनिटाला हजर,' असं त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं. गोदाम टळलं होतं. ठिगळ्या सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

"सगळ्यांना सांगा जरा," साहेबांनी माइक त्याच्या हातात दिला. "इतक्या लवकर कसे काय पोचलात?"

कानसेनने माइक घट्ट धरला. साहेबांचा राग होता, ठिगळ्याचा होता, पण सगळ्यांत जास्त स्वतःचाच होता.

"लवकर?" तो म्हणाला. "मला सोमवारीच ऐकू आलं होतं."