दहावा रुग्ण

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत नऊ माणसं, आणि नऊही जणांचे गाल टम्म फुगलेले. शिवणकाम करणाऱ्या आजींपासून धाकट्या नातीपर्यंत गालगुंडांनी कुणालाच सोडलं नव्हतं. एवढ्या दाटीवाटीत ते होणारच, नर्सला त्याचं नवल नव्हतं. पण यादीतला दहावा रुग्ण थेट सतराव्या मजल्यावर कसा? धाकटीचा गाल चाचपता चाचपता तिने त्याच्या मुलाला स्पीकरवर फोन लावला.

"आम्हालाही तेच कोडं पडलंय, सिस्टर. बाबा तर दिवसभर घरात एकटेच असतात."

"लिफ्टमध्ये कुणाचा संसर्ग झाला असेल."

"आमच्या विंगची लिफ्ट दोन महिने बंद आहे हो. आणि बाबांचे गुडघे इतके धरलेत, की पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यावा लागतो."

फोन बंद झाला. आजींचं शिलाई मशीनही थांबलं. हसू आवरेना आणि हसलं की गाल ठणकायचे, अशी त्यांची गत झाली होती. शेवटी दोन्ही गाल हातांत धरून त्या पुटपुटल्या,

"आणि मला रोज सांगतात, घाम आलाय कारण लिफ्टमध्ये पंखा नाही."