चॅनल तेरा

चार वाजायला वीस मिनिटं होती, आणि कॉम्प्युटरला घरचं वायफाय सापडत नव्हतं.

भाविकानं वायफाय पकडणारा नखाएवढा यूएसबी अडॅप्टर काढला, फुंकला, पुन्हा खोचला. निळा दिवा लागला. स्क्रीनवर यादी उघडली. शेजारच्या रघूकाकांचं वायफाय होतं, किराणा दुकानाचं होतं, पार कोपऱ्यावरच्या देवळाचंही होतं. घरचं 'रत्नसागर' तेवढं नव्हतं. मोबाइलवर ते ठळक दिसत होतं. पण आकाशनिरीक्षण शिबिराची परीक्षा मोबाइलवर चालत नव्हती, आणि चारला दार बंद. मग थेट पुढचं वर्ष.

"आजा, याला शेजारपाजारचं सगलं ऐकू येतं. आपलंच न्हाय!" तिचा आवाज रडकुंडीला आला होता.

तिचा आजा शिवदास खिडकीत जाळं सांधत बसला होता. चाळीस वर्षं थळच्या किनाऱ्यावरून बोट नेलेला तांडेल. कॉम्प्युटरच्या वाटेला मात्र तो कधी गेला नव्हता. त्यानं सुई जाळ्यात अडकवली आणि उठून आला.

"दुसऱ्यांचं ऐकतो म्हंजे बहिरा न्हाय. चॅनल बघ."

"टीव्ही न्हाय तो, आजा."

"पण वायरलेसच हाय ना? बोटीवरबी आसंच व्हायचं. समोरची बोट डोल्यांना दिसते, पण आवाज येत न्हाय. नवखा खलाशी सेट ठोकत बसतो. बिघाड कसलाच नसतो. ती एका चॅनलवर, आपण दुसऱ्यावर."

भाविकानं मोबाइलवर राउटरचं पान उघडलं. चॅनल: तेरा. अडॅप्टरच्या खोक्यातला कागद उलगडून तिनं बारीक अक्षरांवरून बोट फिरवलं. एक ते अकरा.

"अकराच्या पुढचं हा ऐकतच न्हाय! तेरा ठेवला कुणी पण?"

शिवदासनं घसा साफ केला.

"निकेत हे वायफाय बसवायला आला तवा त्यानं इचारलं, मामा, कुठला चॅनल ठेवू? मस्करीच करत व्हता तो. मी म्हटलं, तेरा. आपल्या 'रत्नसागर' बोटीचा तेराच व्हता."

बोट विकून दोन वर्षं झाली होती. भाविकाचं बोट स्क्रीनवर थबकलं.

"बदलू?"

"वाजले किती?"

"पंधरा मिनिटं हायत."

"मंग बघतेस काय? ज्याला हाक मारायची, त्याच्या चॅनलवर जावं लागतं, पोरी."

तिनं अकरा केलं. राउटरचे दिवे विझले. दोघंही भिंतीवरच्या राउटरकडे बघत उभी राहिली. एकेक करून दिवे परत लागले. भाविकानं यादी पुन्हा उघडली.

सगळ्यात वर, 'रत्नसागर'.

शिवदासनं ते नाव हळूच, ओठातल्या ओठात वाचलं. भाविकानं पासवर्ड टाकला. परीक्षेचं पान उघडलं, तिचं नाव आलं, आणि शेजारी घड्याळ उलटं मोजू लागलं. परीक्षा सुरू व्हायला सात मिनिटं. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"पोरी," तो कुजबुजला, "मगाशी पण 'रत्नसागर'चा आवाज इथंच व्हता?"

"व्हय. सारखा येत व्हता. आपल्याला कलत नव्हतं."

"आनि रघूचा? देवलाचा?"

"सगलेच. आतापण हायत, आजा. आपल्यातून आरपार जातायत."

शिवदास खोलीच्या मधोमध तसाच थांबला. खिडकीबाहेर समुद्र होता, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. पाण्याची ओढ बघायला बोटीच्या काठावरून सोडावा, तसा त्यानं उजवा हात हवेत सोडला, बोटं फाकवली, आणि श्वास रोखून उभा राहिला.